मनगट आवर, लाइन आपोआप सुटेल

फ्लाय फिशिंग करताना, म्हणजे गळाला फ्लाय (हलकी नकली माशी) बांधून मासे पकडताना, लाइन (जाड दोरी) पाण्यावर गुंडाळा होऊन पडते म्हणतोस, पण म्हणून लगेच नवा रॉड घेऊ नकोस. 9 फुटी, 5 वेटचा (म्हणजे 5 नंबरच्या वजनाच्या लाइनसाठीचा) तुझा रॉड हिमाचलच्या तीर्थन नदीतल्या ट्राउट माशांना उत्तम आहे. चूक बहुतेक मनगटात असणार. माझी तिथेच होती.

दोन हंगाम मी नुसता जोर लावत होतो. मग तीर्थनकाठच्या गुशैणी गावाजवळ एका मित्राने थोडा वेळ पाहिलं, जवळ आला आणि रॉडची मूठ माझ्या शर्टाच्या कफात खोचली. म्हणाला, “आता फेक.” मनगट मागे मोडेना, त्यामुळे रॉडचं टोकही मागे खाली पडेना. घड्याळात एक वाजतो तिथे ते थांबलं आणि मागची लाइन पहिल्यांदाच सरळ ताणली गेली. तो हलका ताण हाताला जाणवला, तो अजून आठवतो.

फ्लायला वजन नसतं, फेकायची असते ती लाइन. ती मागे पूर्ण उलगडली की मगच पुढे यायचं. सुरुवातीला मान वळवून बघ, त्यात लाज कसली! चाबकासारखा फट् आवाज आला तर घाई झाली, आणि फ्लायही बहुधा तुटून गेली.

आधी मैदानावर सराव कर. फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांध, आठ-दहा मीटर लाइन सोड, रोज पंधरा मिनिटं पुरेत. गॉगल मात्र तिथेही घाल. नदीवर जाण्याआधी हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना काढ, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी असते, तेव्हा मार्चपासून पुढचाच बेत आख.