'श्वसनमार्गी काळपुळी' म्हणावे का?

एका आरोग्यविषयक लेखात 'श्वसनमार्गी काळपुळी' असे वाचून एका वाचकाने विचारले आहे की, पुळी तर कातडीवर येते, मग छातीतल्या रोगाला हे नाव कसे चालेल?

शंका रास्त आहे. काळपुळी हे अँथ्रॅक्स या जिवाणूजन्य रोगाचे मराठी नाव, आणि अँथ्रॅक्स या ग्रीक शब्दाचा अर्थ कोळसा. बाधित जनावराचे कातडे किंवा लोकर हाताळताना जिवाणू जखमेतून शिरला, की तिथे फोड येऊन त्यावर काळी खपली धरते, आणि ती दुखत नाही. या रूपाला काळपुळी हे नाव चपखल आहे. मात्र मधुमेही माणसाच्या पाठीवरच्या ठणकणाऱ्या गळवालाही आपण काळपुळीच म्हणतो, आणि त्याचा जिवाणू निराळा असतो. गुरांच्या रोगाला फाशी हे नावही रूढ आहे.

श्वासावाटे या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त व टिकाऊ रूपे, शिरतात तेव्हा पुळीचा संबंधच उरत नाही. शरीराच्या संरक्षक पेशी ते बीजाणू फुप्फुसातून छातीच्या मध्यभागातील लसिकाग्रंथींपर्यंत नेतात, तिथे ते रुजतात, आणि त्यांच्या विषाने त्या ग्रंथींत व भोवती रक्तस्राव होतो. न्यूमोनिया हा फुप्फुसाचा दाह, आणि इथे मुख्य घाव ग्रंथींवर असतो; 'अँथ्रॅक्सचा न्यूमोनिया' हा प्रयोगही म्हणूनच मला सैल वाटतो.

'श्वसनमार्गी' हे विशेषण मात्र कधीही गाळू नये. सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क शहरात एप्रिल 1979 मध्ये या रोगाने किमान 66 माणसे दगावली, तेव्हा सरकारने दूषित मांसाकडे बोट दाखवले. परंतु तिथल्या विकृतिशास्त्रज्ञ फाइना अब्रामोवा आणि लेव्ह ग्रिनबर्ग यांनी जपून ठेवलेल्या शवविच्छेदनाच्या नमुन्यांत छातीतल्या त्याच ग्रंथी रक्ताळलेल्या होत्या, आणि बहुतेक रुग्ण लष्करी प्रयोगशाळेपासून वाऱ्याच्या दिशेने गेलेल्या सुमारे 4 किलोमीटरच्या अरुंद पट्ट्यात राहणारे वा काम करणारे निघाले. रोग मांसाबरोबर पोटातून आला की प्रयोगशाळेतून हवेत निसटलेल्या बीजाणूंमुळे श्वासातून, यावरच जबाबदारी ठरत होती.

तेव्हा त्वचेच्या रूपाला काळपुळी, गुरांच्या रोगाला फाशी आणि श्वासावाटे होणाऱ्या रूपाला 'श्वसनमार्गी अँथ्रॅक्स' म्हणावे, असे माझे मत आहे. 'श्वसनमार्गी' म्हटल्याने रुग्णाच्या खोकल्यातून लागण होते असा समज होऊ शकतो, म्हणून हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, हे लेखकाने त्याच परिच्छेदात सांगावे. बीजाणूंच्या संपर्कात आलेल्यांना मात्र लक्षणांची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करावी लागतात.