एका वेळी एकच दोष

प्रिय मित्रा,

प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो.

मन शुद्ध ठेवायचं ठरवतोस आणि दोन दिवसांत सगळं जैसे थे होतं, असं तू लिहिलंस. होणारच. ‘आजपासून पवित्र राहायचं’ या ठरावात नेमकं काय सोडायचं, हेच ठरलेलं नसतं. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली रीत यावर आजही उपयोगी पडते: एका वेळी एकच दोष धरायचा आणि तो मोजायचा.

दोष मोजता येईल असा निवड. ‘मी अहंकारी आहे’ हे मोजणार कसं? ‘डबा खाताना गैरहजर माणसाची उणीदुणी काढतो’ किंवा ‘रात्री अंथरुणात नको ते व्हिडिओ बघतो’ हे मोजता येतं. वहीच्या एका पानावर आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी दोन ओळी आख. सकाळी उठल्याबरोबर त्या एका दोषापुरती कृपा माग. दुपारच्या जेवणानंतर सकाळपासूनचे तास एकेक करून आठव आणि जितक्यांदा घसरलास तितके ठिपके वरच्या ओळीवर दे. रात्री जेवणानंतर तसेच खालच्या ओळीवर. मग खालची ओळ वरच्या ओळीशी ताडून बघ, आज कालशी, हा आठवडा मागच्याशी. घसरल्याक्षणी छातीवर हात ठेवायचा, असंही इग्नेशियस सांगतात. भरल्या लोकलमध्येसुद्धा ते कुणाच्या लक्षात येत नाही. वहीत दोषाचं नाव मात्र लिहू नकोस, एखादी खूण पुरे. घरात वही कुणाच्याही हाती लागते.

बहुतेकांची गाडी दुपारी अडते. दुपारचा हिशेब टाळून रात्री एकदम सगळे ठिपके दिले की ते अंदाजपंचे होतात. दुसरी चूक म्हणजे मनात विचार आला की लगेच ठिपका. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेले ख्रिस्ती संन्यासी एव्हाग्रियस सांगून गेले आहेत की विचार येणं आपल्या हाती नसतं, त्याला थारा देणं आपल्या हाती असतं. आलेला विचार परतवलास तर ठिपका नाही. त्याला बसायला पाट दिलास, तर ठिपका.

आठवड्याने पान बघ आणि कोणत्या वेळी घसरलास ते आठव. बहुधा ठरावीक वेळच निघेल, रात्री अकरानंतर किंवा रिकाम्या पोटी. तिथे नुसता निश्चय पुरत नाही. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लाव आणि त्या वेळी दुसरं काहीतरी ठेव, बायबलमधलं पश्चात्तापाचं स्तोत्र ५१ किंवा रोझरीचे (जपमाळेचे) दहा मणी. लूकच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायातलं, दुष्ट आत्मा निघून गेल्यावर झाडून ठेवलेलं घर आठवतं ना? रिकामं राहिलं म्हणून तो आणखी सात आत्मे घेऊन तिथे परत आला.

झोपण्यापूर्वी दिवसभराचं आत्मपरीक्षण वेगळं, दहा-पंधरा मिनिटांचं. आधी उपकारस्तुती, मग आपलं पाप दिसावं म्हणून प्रार्थना, मग दिवसाचा आढावा, क्षमायाचना आणि उद्याचा निश्चय. हा क्रम मोडू नकोस. उपकारस्तुती गाळून थेट पापांपासून सुरुवात करणारे महिनाभरात कंटाळतात, कारण रोज रात्री फक्त स्वतःचीच खरडपट्टी निघते.

आता कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली. गंभीर पाप असेल तर प्रकार आणि संख्या सांग. पार्श्वभूमी, सबबी, दुसऱ्यांची नावं नकोत. दिलेलं प्रायश्चित्त शक्यतो त्याच दिवशी उरक. पण क्षमा मिळाली म्हणून केलेलं नुकसान भरून निघत नाही. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करण्याची तयारी दाखवली. खोटं बिल लावून पैसे घेतले असतील तर ते परत कर. ज्यांच्यासमोर एखाद्याची बदनामी केलीस त्यांच्याकडे जा आणि खोटं बोललो होतो, असं सांग. जीव जातो हे करताना. म्हणूनच पुढच्या वेळी जीभ आवरते.

एकदा कबूल केलेलं पाप ‘नीट सांगितलं नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटलं, तर सावध हो. स्पेनमधल्या मान्रेसा इथे १५२२ च्या सुमारास खुद्द इग्नेशियस या शंकाखोरीने पार हैराण झाले होते. असं झालं तर वही काही दिवस बंद ठेव, एकच धर्मगुरू धर आणि ते ‘पुरे’ म्हणाले की थांब. दर खेपेला नवा फादर शोधलास तर शंका वाढतच जाते.

ठिपके कमी झाले म्हणून लगेच दोष बदलू नकोस. दोन-तीन आठवडे पान जवळपास कोरं राहू दे. आणि कमी होतच नसतील तर बहुधा दोष मोठा निवडला आहेस. त्याचा एकच तुकडा घे: दिवसभराचा राग नको, फक्त आईशी फोनवर बोलतानाचा. येत्या रविवारी मिस्सानंतर बसून तो ठरव आणि सोमवारी सकाळपासून ठिपके द्यायला लाग.

तुझा,
एक वडीलधारा मित्र