वाचकांचे प्रश्न : संपर्कांची फाइल आणि तिच्या आतला मजकूर

संगणक आणि मोबाइल यांच्या वापराविषयी आलेल्या पत्रांमध्ये या वेळी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘व्हीसीएफ’ ही अक्षरे असलेली फाइल कशी हाताळावी, हा तो विषय. म्हणून त्यातले निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : एका परिचितांच्या ईमेलला ‘व्हीसीएफ’ प्रकारची छोटी फाइल जोडलेली असते. ती काय आहे आणि उघडायला हरकत आहे का?

उत्तर : ती त्यांची डिजिटल ओळखपत्रिका आहे. पूर्वी भेटीनंतर छापील कार्ड हातात देत, तेच काम ही फाइल करते. हिला व्हीकार्ड म्हणतात. ती उघडली की फोन किंवा संगणक त्यातले नाव, क्रमांक, ईमेल आणि पत्ता वाचून ‘हा संपर्क जतन करायचा का’ असे विचारतो, आणि हाताने काहीही टंकावे लागत नाही.

या फाइलीविषयी एक गोष्ट आपल्याला ठाऊक असायला हवी, कारण या पानावरच्या बहुतेक अडचणी तिच्यापाशी सुटतात. ही फाइल म्हणजे साधा मजकूर आहे. संगणकावर नोटपॅडसारख्या कोणत्याही मजकूर-संपादकात ती उघडा. पहिल्या ओळीत रोमन अक्षरांत ‘बिगिन’, विसर्गासारखी दोन टिंबे आणि ‘व्हीकार्ड’ असे लिहिलेले दिसेल, दुसरी ओळ बहुधा आवृत्तीची असेल आणि शेवटची ‘एंड’ने सुरू होईल. मधल्या प्रत्येक ओळीत आधी रकान्याचे नाव, मग दोन टिंबे आणि त्यापुढे माहिती अशी मांडणी असते. ‘एफएन’ म्हणजे दिसण्यासाठीचे पूर्ण नाव, ‘टेल’ म्हणजे दूरध्वनी, ‘ओआरजी’ म्हणजे संस्था, ‘एडीआर’ म्हणजे पत्ता. नुसत्या ‘एन’च्या ओळीत आडनाव, नाव, मधले नाव, आधीची उपाधी आणि नंतरची उपाधी हे पाच भाग याच क्रमाने अर्धविरामाने तोडून लिहिलेले असतात. नाव आणि आडनाव यांची अदलाबदल झालेली दिसली, तर दोष बहुतेक वेळा या ओळीत असतो, आणि तो तिथेच दुरुस्त करता येतो.

ही मांडणी १९९५ साली ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांच्या ‘व्हर्सिट’ नावाच्या संघाने सुचवली. तिची २.१ ही आवृत्ती १९९६ मधली, ३.० ही १९९८ मधली आणि ४.० ही २०११ मधली आहे. तिन्ही आवृत्त्यांच्या फाइली आजही वापरात आढळतात आणि पुढच्या प्रश्नाचे मूळ याच सहवासात आहे.

प्रश्न : जुन्या फोनमधले सगळे संपर्क फाइलीत काढून नव्या फोनमध्ये घेतले. रोमन लिपीतली नावे नीट आली, पण मराठीत लिहिलेल्या नावांच्या जागी ‘बरोबर’ची चिन्हे आणि आकडे यांची माळ दिसते आहे. काही नावे तर अर्धीच आली आहेत. माझी नावे कायमची गेली का?

उत्तर : नावे गेलेली नाहीत, आणि जुना फोन अजून आपल्याजवळ असेल तर काळजीचे मुळीच कारण नाही. मात्र दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत त्या फोनमधले काहीही पुसू नका.

घडले ते असे. २.१ ही आवृत्ती आली तेव्हा संगणकांमधल्या देवाणघेवाणीत रोमन अक्षरे तेवढी सुखरूप पोहोचतील अशी खात्री असे. इतर लिप्यांतली अक्षरे पाठवायची तर त्यांचे संकेतांक उलगडून लिहावे लागत. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि जुन्या आवृत्तीत प्रत्येक बाइट ‘बरोबर’चे चिन्ह व त्यापुढे दोन अक्षरे-आकडे असा लिहिला जातो. म्हणजे ‘कमल’ हे तीन अक्षरी नाव फाइलीत सत्तावीस चिन्हांचे होते. मात्रा आणि वेलांट्याही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजल्या जात असल्यामुळे ‘अनिल’ला छत्तीस चिन्हे लागतात. नवा फोन ही माळ परत अक्षरांत बदलू शकला नाही, तर ती जशीच्या तशी नावाच्या जागी बसते. अर्धी नावेही त्यातूनच आली आहेत. ओळ फार लांब झाली की तिच्या शेवटी ‘बरोबर’चे एक चिन्ह टाकून उरलेली माळ पुढच्या ओळीवर नेली जाते. ओळ पुढे चालू आहे हे वाचणाऱ्या प्रोग्रामला कळले नाही, तर तो पहिल्या ओळीपुरतेच नाव घेतो आणि बाकीचे सोडून देतो. लांब नावे तुटतात आणि आखूड नावे वाचतात, ते यामुळे.

यासारखाच दुसरा एक बिघाड असतो आणि त्या दोहोंची गल्लत करू नये. काही वाचकांना डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ आणि त्याला लागून चार बाजूंना टोके फुटलेले छोटे वर्तुळ, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसते. तिथे फाइल यूटीएफ-८ मध्ये अगदी बरोबर लिहिलेली असते, पण वाचणाऱ्याने ती पश्चिम युरोपीय अक्षरसंचाची समजून वाचलेली असते. देवनागरीच्या बऱ्याच अक्षरांचे पहिले दोन बाइट सारखेच असल्यामुळे तीच जोडी जिकडे तिकडे उमटते.

उपाय करताना आधी नव्या फोनमध्ये आलेल्या बिघडलेल्या नोंदी काढून टाका, नाहीतर चांगल्या नोंदी आल्यावर सगळे दुप्पट होईल. त्या काढताना फोन आणि ऑनलाइन खाते परस्परांशी जोडलेले नाहीत, हे पाहून घ्या. जोडलेले असतील तर एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते. मग जुन्या फोनमध्ये संपर्क बाहेर काढताना आवृत्ती निवडण्याची सोय आहे का ते पाहा आणि असल्यास ३.० किंवा ४.० निवडा. ४.० मध्ये यूटीएफ-८ बंधनकारकच आहे. अशी सोय नसेल तर जुन्या फोनमधले संपर्क थेट ऑनलाइन खात्याच्या संपर्कवहीशी जुळवून घ्यावेत आणि नव्या फोनमध्ये त्याच खात्यातून उतरवून घ्यावेत. यात फाइल मध्ये येतच नाही, आणि माझ्या मते आपल्यासाठी हाच मार्ग अधिक निर्धोक आहे. जुना फोन हाताशी नसून फक्त फाइल असेल, तरीही ती जपून ठेवा. दिसायला कितीही विचित्र असली तरी त्या माळेत प्रत्येक अक्षर शाबूत आहे, आणि २.१ नीट वाचणारा दुसरा एखादा प्रोग्राम ते परत मिळवून देऊ शकतो.

प्रश्न : माझ्या फाइलीत सहाशेच्या वर संपर्क आहेत, पण संगणकावरच्या ईमेल प्रोग्रामने त्यातला एकच घेतला. फाइल खराब आहे का?

उत्तर : नाही. एका फाइलीत कितीही कार्डे एकाखाली एक ठेवता येतात, पण काही प्रोग्राम पहिल्या कार्डाचा शेवट आला की थांबतात. फाइल मजकूर-संपादकात उघडून ‘बिगिन’ची ओळ किती वेळा येते ते शोधा, तितके संपर्क तिच्यात आहेत. ती संख्या फोनमधल्या संख्येशी जुळली की फाइल पूर्ण आहे असे समजावे. मग ती अनेक कार्डे वाचणाऱ्या ऑनलाइन संपर्कवहीत घ्यावी आणि तिथून आपल्या प्रोग्रामला चालणाऱ्या तक्त्याच्या, म्हणजे सीएसव्ही स्वरूपात बाहेर काढावी. ही मोजणी मी प्रत्येकाला सुचवतो. बॅकअप घेतला आणि तो कधी उघडूनच पाहिला नाही, अशा फाइलींनी ऐन गरजेच्या वेळी दगा दिल्याची पत्रे आमच्याकडे नेहमी येतात.

प्रश्न : एका सहकारी बाईंचा क्रमांक कुणीतरी मागितला म्हणून मी त्यांचा संपर्क फोनमधून पुढे पाठवला. नंतर लक्षात आले की त्यांच्या आजारपणाविषयी मी स्वतःसाठी लिहून ठेवलेली टीपही त्याबरोबर गेली. मला फार वाईट वाटते आहे. हे कसे टाळता आले असते?

उत्तर : आपल्याला वाटणारी खंत रास्त आहे आणि आपण ती मोकळेपणाने लिहिलीत, याचा इतर वाचकांना उपयोग होईल. आधी, ज्यांना कार्ड गेले त्यांना ती नोंद काढून टाकण्याची विनंती करा. त्या बाईंनाही घडलेले स्वतःहून सांगावे, असे मला वाटते. ही माहिती त्यांची आहे, आणि ती कुठवर गेली हे कळण्याचा त्यांना हक्क आहे.

फोनच्या दृष्टीने ‘संपर्क’ म्हणजे एखाद्या व्यक्तीविषयी साठवलेले सगळे रकाने. घरचा पत्ता, जन्मतारीख, छायाचित्र, नातेसंबंध, आणि ‘नोट’ या रकान्यात आपण लिहिलेले काहीही त्यात येते. पुढे पाठवताना यांपैकी काय जाईल हे प्रत्येक अ‍ॅपनुसार बदलते. काही अ‍ॅप रकाने निवडू देतात, काही न विचारता सगळे देतात. निवड करण्याचा पडदा आला तर घाईने पुढे जाऊ नका आणि नको त्या खुणा काढून टाका. तसा पडदा येत नसेल, तर फक्त क्रमांकाची नक्कल करून तो साध्या संदेशात पाठवा. क्रमांकच मागितला असेल तर कार्ड पाठवण्याचे तसे कारणही नसते. तो देण्याआधी संबंधित व्यक्तीला विचारावे, हे तर आहेच. आणि दुसऱ्याच्या प्रकृतीविषयीची किंवा कुटुंबाविषयीची नोंद संपर्काच्या टिपेत ठेवूच नये. तिच्यासाठी वेगळी वही किंवा वेगळी फाइल ठेवावी.

प्रश्न : मी माझे कार्ड बऱ्याच जणांना दिले आहे. आता क्रमांक बदलला, तर त्यांच्याकडे तो आपोआप बदलेल का? आणि कार्डाचा क्यूआर कोड करता येईल का?

उत्तर : आपोआप बदलणार नाही. व्हीकार्ड ही दिलेल्या क्षणाची प्रत असते, त्यामुळे नवे कार्ड पुन्हा पाठवावे लागेल. आपल्याच फोन, संगणक आणि खात्यात एकच संपर्कवही सतत जुळती ठेवण्याचे काम ‘कार्डडॅव्ह’सारख्या व्यवस्था करतात, आणि त्यांच्यातही माहितीची ने-आण व्हीकार्डच्याच रूपात होते. पण दुसऱ्याच्या वहीत आपला हात पोहोचत नाही. नवे कार्ड मिळाल्यावर समोरच्याकडे जुनी नोंद बदलेल की दुसरी तयार होईल, हेही निश्चित नसते. कार्डात ‘यूआयडी’ हा कायम ओळखीचा रकाना ठेवण्याची सोय आहे, पण सगळेच प्रोग्राम तो पाहत नाहीत. म्हणून पाठवताना ‘जुनी नोंद काढून टाकावी’ असे एक वाक्य लिहिणे बरे.

क्यूआर कोड करता येतो, पण त्यात जागा मर्यादित असते. सर्वांत मोठ्या कोडमध्येही २,९५३ बाइटांपेक्षा जास्त मजकूर मावत नाही, आणि तेवढा भरला तर चौकटी इतक्या बारीक होतात की कॅमेऱ्याला त्या वाचणे अवघड जाते. छायाचित्र तर मजकुराच्या रूपात आल्यावर मूळ आकाराच्या एक-तृतीयांशाने आणखी वाढते, म्हणून ते कोडमध्ये घालूच नये. देवनागरी अक्षरांचे तीन-तीन बाइट धरले तरी नाव, एक क्रमांक आणि ईमेल सहज बसतात. क्रमांक अधिकचे चिन्ह आणि देशाचा संकेतांक यांसह लिहावा, म्हणजे तो कोणत्याही देशातून लावता येतो. छापण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर कोड वाचून पाहा आणि नाव बरोबर उमटते का ते तपासा.

प्रश्न : अनोळखी क्रमांकावरून एका मोठ्या संस्थेच्या नावाचे कार्ड आले. जतन करावे का? त्यातून व्हायरस येतो का?

उत्तर : जतन करू नये. निव्वळ मजकूर असल्यामुळे व्हीकार्ड स्वतःहून चालू होत नाही. मात्र फाइलीचे नाव शेवटपर्यंत वाचा, कारण ‘व्हीसीएफ’ या अक्षरांनंतर आणखी एक टिंब आणि वेगळीच अक्षरे असतील तर ती फाइल कार्डाची नव्हे. खरा धोका नावाचा आहे. कार्डात काय लिहायचे हे पाठवणारा ठरवतो आणि ते खरे आहे का, हे कुणीही तपासलेले नसते. भलत्याच माणसाचा क्रमांक आपण त्या संस्थेच्या नावाने जतन केला, की पुढे त्याचा फोन येताना आपलाच फोन ते नाव दाखवतो आणि आपण निःशंक होऊन बोलू लागतो. संस्थेचा क्रमांक तिच्या अधिकृत कागदपत्रांवरून स्वतः लिहून घ्यावा.

प्रश्न : माझी मुलगी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने दिलेली ‘व्हीसीएफ’ फाइल माझ्या फोनमध्ये उघडत नाही, ती का?

उत्तर : ती संपर्कांची फाइल नाही. जनुकशास्त्रात डीएनएमधले फरक नोंदवण्यासाठी ‘व्हेरियंट कॉल फॉरमॅट’ नावाची मांडणी वापरतात आणि तिच्या नावाची आद्याक्षरेही हीच आहेत. तीसुद्धा साधा मजकूर असते, पण तिची पहिली ओळ ‘बिगिन’ने नव्हे, तर हॅशच्या दोन चिन्हांनी सुरू होते. मुलीने ती चुकून पाठवली नाही ना, तेवढे तिला विचारा.