वाचकांचे प्रश्न : मे महिन्यातलं धुकं, हळदीचं रक्त

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात कॉलेजच्या लघुपटाचं शूटिंग आहे. जमिनीलगत धुकं आणि त्यात पडलेलं प्रेत, असा प्रसंग. ड्राय आइस आणून बादलीत टाकला, पण धुकं दारापर्यंतही पोहोचलं नाही. परीक्षा संपल्यावर, म्हणजे मे अखेरीसच सगळे मोकळे होतील. काय चुकतंय?

उत्तर : ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. पण डोळ्यांना दिसतं ते धुकं त्याचं नसतं, तो वायू दिसतच नाही. उणे ७८.५ अंशांचा ड्राय आइस गरम पाण्यात पडला की वाफ थिजून बारीक थेंब होतात. तेच धुकं. गार आणि जड वायू त्यांना जमिनीलगत वाहून नेतो. नवतप्यातली, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतली, नागपूरची दुपारची हवा इतकी कोरडी असते की हे थेंब थोड्याच अंतरात विरतात. दोष तुमच्या ड्राय आइसचा नाही, वेळेचा आहे. पहाटे शूट करा. ते जमत नसेल तर शॉटच्या आधी अर्धा तास कूलर लावून खोली गार आणि दमट करून घ्या. मग ड्राय आइस टाकण्यापूर्वी कूलर आणि पंखा दोन्ही बंद. कूलरच्या झोतापुढे कुठलंच धुकं टिकत नाही.

बादलीत नळाचं पाणी घेतलं असेल तर तेही बदला. एक किलोला पाच लिटर पाणी, ६० ते ७० अंश गरम. तुकडे अक्रोडाएवढे करून दोनशे-दोनशे ग्रॅम टाकत राहा. सगळे एकदम टाकले तर पाणी झपाट्याने गार होतं, तुकड्यांवर बर्फाचं कवच चढतं आणि धुकं बसतं. तसं झालं की आणखी ड्राय आइस ओतून उपयोग नाही, पाणी बदलायचं.

आता प्रेताबद्दल, कारण हा भाग सगळ्यात धोक्याचा आहे. एक किलो ड्राय आइसमधून सुमारे ५५० लिटर वायू निघतो. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच बंद खोलीत एका किलोनेच त्याचं प्रमाण दीड टक्क्याच्या वर जातं. कामाच्या जागी आठ तासांसाठी मान्य मर्यादा अर्धा टक्का आहे. त्यातही वायू खाली साचतो, म्हणजे जमिनीवर निपचित पडलेल्या नटाच्या नाकाशी तो सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असणार. नटाला धुक्यात झोपवूच नका. कॅमेरा तिवईवर पक्का बांधा, रिकाम्या फरशीवरचं धुकं वेगळं शूट करा, खोली मोकळी करून नट वेगळा शूट करा आणि एडिटिंगमध्ये एकावर एक ठेवा. दारं-खिडक्या उघड्या हव्यात. कुणाचं डोकं दुखलं किंवा धाप लागली तर सगळ्यांनी लगेच बाहेर.

ड्राय आइस थर्माकोलच्या डब्यात, झाकण सैल ठेवून आणा. गाडीच्या काचा खाली. घट्ट झाकणाच्या बाटलीत किंवा डब्यात भरला तर तो फुटतो. घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून काही वाचत नाही, तो उणे १८ च्या आसपास असतो. हाताळायला जाड कातडी हातमोजे. दवाखान्यातले पातळ रबरी चालत नाहीत.

प्रश्न : चाकू हातावरून फिरला की लगेच लाल रेघ उमटावी, मध्ये शॉट तोडायला नको. शाळेच्या प्रयोगशाळेत फेरिक क्लोराइड आणि थायोसायनेटचा प्रयोग पाहिला होता. तो करावा का?

उत्तर : रंग हुबेहूब येतो, पण ती रसायनं अंगावर लावायची नाहीत. फेरिक क्लोराइड त्वचेला चावतं आणि कपड्यांवरचा डाग निघत नाही. घरातली हळद घ्या. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात, तीच क्रिया इथे आहे : अल्कली लागली की पिवळ्याचं लाल होतं.

हळद पाण्यात जेमतेम विरघळते, म्हणून एक चमचा हळद ५० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवून तासभर ठेवा आणि वरचं पिवळं द्रव ब्रशने हातावर लावून वाळू द्या. जवळ दिवा किंवा उदबत्ती नको. १०० मिली पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवा. लोणी लावायची बोथट सुरी त्यात बुडवून हातावरून ओढा. चुना किंवा धुण्याचा सोडा वापरून रंग गडद करायचा मोह होईल, तो टाळा. दोन्हींनी त्वचा भाजते. सोड्याचं पाणी उकळूही नका, उकळल्यावर खाण्याच्या सोड्याचा धुण्याचा सोडा होतो.

रंग विटकरी-तांबूस येतो, गर्द रक्ताचा नाही. क्लोज-अपला तो पुरतो, बाकीचं एडिटिंगमध्ये रंग सुधारताना होतं. रीटेकसाठी लिंबाच्या पाण्याचा बोळा फिरवला की रेघ परत पिवळी. अडचण एकच, हात पिवळा दिसतो. कथेत हळदीचा कार्यक्रम घाला. संहितेनं सुटणारी अडचण मेकअपवर कशाला लादायची?

वाहणाऱ्या रक्तासाठी बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज घ्या. २०० मिली ग्लुकोजमध्ये ५० मिली पाणी, एक चमचा लाल खाद्यरंग, अर्धा चमचा कोको आणि निळ्या रंगाचा एक थेंब. कोकोशिवाय ते सरबत दिसतं. उन्हात हे पातळ होतं, म्हणून अंगणातल्या शॉटसाठी पाणी निम्मं करा. मुंग्या येणारच, टेक झाला की ओल्या फडक्याने पुसा. हळदीचा डाग धुऊन कडक उन्हात टाकला की फिका पडतो. खाद्यरंगाच्या डागाची तशी खात्री नाही, तेव्हा त्या शॉटचा शर्ट जुनाच घ्या.

प्रश्न : मांत्रिकाच्या हातातलं स्वच्छ पाणी एका क्षणात काळंभोर व्हावं. रंग टाकताना दिसू नये.

उत्तर : आयोडीनचं घड्याळ म्हणतात तो हा प्रयोग. सामान औषधाच्या दुकानात मिळतं.

१००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी ६० मिली पाण्यात विरघळवा. चघळायच्या गोळ्यांत नारिंगी रंग असतो, साधी पावडर मिळाली तर बरी. त्यातलं ५ मिली घेऊन २ टक्क्यांचं टिंक्चर आयोडीन ५ मिली घाला. तपकिरी रंग नाहीसा होईल. त्यात ६० मिली पाणी, हा पहिला ग्लास. दुसऱ्यात ६० मिली पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि एक चमचा स्टार्च. पेरॉक्साइड ३ टक्क्यांचं असेल तर १५ मिली. दुकानात बहुधा ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे सुमारे ६ टक्क्यांचं असतं, ते ७ मिली पुरे. स्टार्चसाठी अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर १०० मिली पाण्यात उकळून गार करा, वरचं पाणी घ्या. दोन्ही ग्लास एकत्र करा आणि थांबा.

पेरॉक्साइड आयोडीन मोकळं करत राहतं, व्हिटॅमिन सी ते गिळत राहतं. व्हिटॅमिन संपलं की पाणी एकदम काळं. म्हणून व्हिटॅमिनचे थेंब वाढवले की उशीर वाढतो. पण पुस्तकातल्या वेळेवर संवाद बसवू नका. उन्हाळ्यात टाकीचं पाणी चाळीस अंशांपर्यंत जातं आणि पंचवीस अंशांच्या तुलनेत निम्म्याहून कमी वेळात काम उरकतं, मंत्र अर्धाच राहतो. फ्रिजचं पाणी मिसळून तापमान मोजा आणि त्याच तापमानाला तालीम करा. पहिल्या ग्लासातला तपकिरी रंग जातच नसेल तर व्हिटॅमिन कमी पडलंय. काळं होतच नसेल तर बहुधा पेरॉक्साइड जुनं आहे.

हे पाणी नटाने ओठाला लावायचं नाही. डाग पडले तर उरलेलं व्हिटॅमिन सीचं पाणी चोळा. ग्लासात तेच ओतलं की काळं पाणी पुन्हा स्वच्छ होतं, तोही शॉट घेऊन ठेवा.

प्रश्न : फटाक्यांतली दारू काढून छोटा स्फोट करता येईल का?

उत्तर : नाही, आणि त्याची कृतीही इथे मिळणार नाही. विनापरवाना स्फोटक बनवणं १८८४ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, पेसोचं, मुख्यालय तुमच्याच गावात आहे.

स्फोटाचा धक्का धुळीने दाखवा. नरसाळ्यात मूठभर चाळलेली मुलतानी माती घ्या, खाली नळी जोडून सायकलचा पंप एकदा जोरात मारा, आवाज नंतर घाला. माती जळत नाही, म्हणून तीच. मैदा, कॉर्नफ्लोअर, पिठीसाखर यांची हवेतली धूळ ठिणगीनेही पेटते, ती उडवू नका. नटाला डोळे मिटायची खूण आधी ठरवून द्या, बाकीच्यांना मास्क आणि गॉगल. कॅमेरा पारदर्शक पिशवीत ठेवून फक्त लेन्स बाहेर काढा. लेन्सवर बसलेली माती पुसायची नाही, आधी ब्लोअरने उडवायची, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात.