दुपार कुठं नेऊन ठेवली?

रिमोट तुमच्या हाती : सोलापुरात वीस वर्षं केबलचा धंदा केलेल्या माणसाला मालिकांबद्दल विचारलेले वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भाऊ, माझ्या थोरल्या जाऊबाई दिरांच्या नोकरीमुळं १९८० च्या सुमारास अमेरिकेत ह्यूस्टनला होत्या. आता आमच्याजवळच असतात. दुपारी मी मालिका लावली की म्हणतात, “आम्ही तिकडं असताना आमच्या गावावरच मालिका निघाली होती, ‘टेक्सास’ नावाची. केवढा गाजावाजा! आणि दोन-अडीच वर्षांत गुंडाळली.” कुठल्यातरी जुन्या मालिकेतून ती काढली होती म्हणे. चांगल्या चाललेल्या मालिकेच्या पोटी आलेली मालिका अशी का मरते? आपल्याकडंही असं झालंय का?
(एक वाचक भगिनी, अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : ताई, जाऊबाईंना सांगा, त्यांची आठवण शाबूत आहे. ‘टेक्सास’ ४ ऑगस्ट १९८० ला सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९८२ ला संपली. वर्षअखेरीला हिशेब मिटवून दुकानाचं शटर ओढावं तशी. तिची आई ‘अनदर वर्ल्ड’. ती एनबीसी वाहिनीवर १९६४ पासून दुपारी चालायची आणि लेक गेल्यावरही १९९९ पर्यंत चालली.

अशा मालिकेला स्पिन-ऑफ म्हणतात. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्यांना हे चटकन कळेल. ऊस तोडून नेल्यावर त्याच बुडख्यातून परत उगवतो तो खोडवा, म्हणजे मालिकेचा दुसरा भाग. आणि मूळ ऊस उभा असतानाच त्याच्या बुडाशी कोंब येतो तो फुटवा. ‘टेक्सास’ हा फुटवा.

त्या वर्षी अमेरिकेत रात्रीच्या ‘डॅलस’ मालिकेनं लोकांना वेड लावलं होतं. तिच्यातल्या जे. आर. नावाच्या तेलवाल्या शेठला मार्चमध्ये कुणीतरी गोळी घातली आणि कुणी घातली ते नोव्हेंबरपर्यंत सांगितलंच नाही. मग तेलविहिरी, मोठ्या टोप्या, मोठाले वाडे हा सगळा माल दुपारीही खपेल असा एनबीसीचा हिशेब. ‘अनदर वर्ल्ड’ तेव्हा रोज दीड तासाची होती. (रोज दीड तास! लिहिणाऱ्यांची मला दया येते.) ती परत एक तासाची केली आणि तिला लागूनच दुपारी तीनला ‘टेक्सास’ बसवली.

इथवर ठीक. पण ह्यूस्टनला पाठवलं कुणाला? आयरिसला. बेव्हर्ली मॅकिन्झी नावाची जबरदस्त नटी ते काम करायची. आयरिस म्हणजे श्रीमंत बापाची लाडावलेली लेक. बापानं रेचल नावाच्या तरुण बाईशी लग्न केल्यापासून हिच्या पोटात दुखतंय आणि हिचा सगळा दिवस त्या दोघांत काडी घालण्यात जातोय. बायका बघायच्या ते हेच. आता या आयरिसला उचलून ह्यूस्टनला नेलं, जुना प्रियकर दिला, नायिका करायची म्हणून तिचं विष काढून घेतलं. आणि रेचल राहिली जुन्या घरात. म्हणजे जणू नणंदेला वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं आणि भावजयीला ठेवलं मागं. भांडायचं कुणाशी, भिंतीशी? माणूस ट्रंकेत भरून नेता येतो ताई, भांडण नेता येत नाही. आणि आईच्या घरचंही मीठ गेलं, ते वेगळंच.

त्यात समोरचं दुकान बघा. दुपारी तीनलाच एबीसी वाहिनीवर ‘जनरल हॉस्पिटल’ लागायची आणि तिच्यात ल्यूक-लॉराचं प्रकरण रंगात होतं. १९८१ च्या नोव्हेंबरात त्या दोघांचं लग्न दाखवलं तेव्हा सुमारे ३ कोटी लोकांनी बघितलं. एलिझाबेथ टेलर पाहुणी म्हणून आली होती. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघाल्यावर त्यांच्या वाटेवर, आपल्या बाळीवेशीत, कुणी तंबू टाकून खेळ लावला तर तिकिटं किती खपतील? त्याच वर्षी मॅकिन्झीबाईही ‘टेक्सास’ सोडून गेल्या. म्हणजे ज्या बाईसाठी बिऱ्हाड केलं ती बाईच गेली, भाडं तेवढं चालू. मग १९८२ मध्ये मालिका हलवली सकाळी अकराला. तिथं समोर होता वस्तूंच्या किमती ओळखायचा ‘द प्राइस इज राइट’ नावाचा खेळ. आगीतून फुफाट्यात.

हे वेळ हलवण्याचं मला फार लागतं, कारण ते पाप मीही केलंय.

केबलच्या काळात, सेट टॉप बॉक्स येण्याआधी, कुठली वाहिनी कितव्या नंबरवर दिसायची ते आमच्या हातात असायचं. मी एकदा सातव्या नंबरची वाहिनी उचलून तेविसाव्यावर टाकली, कारण सातवर मला गावातल्या दुकानांच्या जाहिराती फिरवायच्या होत्या. चार पैसे सुटणार होते. मंगळवारची दुपार. दीडच्या सुमाराला दत्तनगरातून फोन सुरू झाले. आधी वाटलं, ॲम्प्लिफायर गेला असेल, उन्हाळ्यात जायचेच. मोटारसायकल काढून गेलो. दहा बाय बाराची खोली. चार बायका भिंतीला टेकून बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं चालूच. पान घे, चिमूट टाक, वळ, दोरा मार, टोक दुमड. मी दारात उभा राहिलो तरी एकीचीही बोटं थांबली नाहीत. टीव्ही चालू होता, पण त्यावर साड्यांच्या दुकानाची पाटी. त्यांतल्या थोरल्या मावशींनी वर न बघताच विचारलं, “का वो केबलवाले, आमची दुपार कुटं नेऊन ठिवली?”

मी रिमोट घेऊन तेवीस नंबर लावून दिला. आवाज आला तशा चौघी गप्प झाल्या. मग जे दिसलं ते मी आजवर विसरलो नाही. पडद्याकडं कुणीच बघत नव्हतं. नजर सुपात. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय मजुरी नाही, आणि खराब निघाल्या तर कारखान्यात त्या बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत. मालिका कानानं चालली होती. दार वाजलं की एकजण म्हणायची, “आली बग भवानी.” फक्त दार वाजलेलं ऐकून! तेव्हा मला आमच्या तक्रारवहीचा उलगडा झाला. दुपारी चित्र बिघडलं तर या विडीवाल्या पूर्व भागातून फोन यायचा नाही, आवाज गेला की पाच मिनिटांत यायचा.

अमेरिकेत १९३० मध्ये शिकागोच्या रेडिओवर पहिली अशी रोजची मालिका लागली ती हात अडकलेल्या, कान मोकळ्या असलेल्या बायकांसाठीच. साबणवाल्यांनी पुढं पैसा ओतला म्हणून सोप हे नाव. ‘टेक्सास’मागंही साबणवाली कंपनीच होती, प्रॉक्टर अँड गॅम्बल. कानानं बघणाऱ्या बाईला ह्यूस्टनचे वाडे आणि टोप्या दाखवून काय उपयोग? तिला ओळखीचा आवाज हवा, ओळखीची कटकट हवी, आणि रोज त्याच ठरल्या वेळी हवी. (मावशींसाठी मी सात नंबर परत दिला. साडीवाल्याला पैसे परत केले. बायकोनं दोन दिवस ऐकवलं.)

आता आपल्याकडचं. स्टार प्लसवर ‘दिया और बाती हम’ २०११ ते २०१६ चालली. पुष्करचा हलवाई सूरज आणि पोलीस अधिकारी होणारी त्याची बायको संध्या. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, त्या काळात पोरींनी पोलीस भरतीचे अर्ज भरलेले मी बघितलेत. मालिकेमुळंच भरले असं म्हणणार नाही, पण घरात विषय काढायला ती कामी यायची. मग त्याच राठी घराण्यातून ‘तू सूरज मैं सांझ पियाजी’ काढली, ३ एप्रिल २०१७ ला. आधीची संपल्यावर आलेली, म्हणजे खरं तर खोडवाच. पण लावली कुठं? दुपारी! स्टार प्लसनं ‘स्टार दोपहर’ म्हणून दुपारच्या नव्याकोऱ्या मालिकांचा घाट घातला होता, त्यात ही. सप्टेंबर संपला आणि तो घाटही संपला. ही मालिका तेवढी संध्याकाळी नेली, ती २०१८ च्या जूनपर्यंत टिकली.

माझ्या मते इथं गडबड वेगळी झाली. सोलापुरात रात्रीची मालिका रात्री कोण बघतं? नऊला कुणाचा नवरा बातम्या लावतो, कुणाच्या भाकऱ्या तव्यावर. खरं बघणं होतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच भागाच्या पुनःप्रक्षेपणात. आमची दुपार कधी रिकामी नव्हतीच, ती कालच्या रात्रीनं भरलेली होती. वाहिनीला वाटलं जागा मोकळी आहे. शिवाय आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात जिओ आलं होतं. माझी सून भांडी घासताना फोन कट्ट्यावर उभा करून, पाहिजे तो भाग पाहिजे तेव्हा ऐकायला लागली. ऐकायलाच, हो.

सगळे फुटवे मरतात असंही नाही. ‘कुमकुम भाग्य’मधून २०१७ च्या जुलैत निघालेली ‘कुंडली भाग्य’ २०२४ पर्यंत चालली आणि कैकदा आईच्या पुढं गेली. आई नऊला, लेक साडेनऊला. तुम्ही म्हणाल, ‘टेक्सास’ही आईला लागूनच होती. होती. पण ‘कुंडली’त आईकडची बहीण आली, आणि नवं घर नव्या भांडणासकट आलं. पहिल्या घरातला कुणी कामाचा माणूस पळवला नाही. एवढाच फरक मला दिसतो. जाऊबाईंना आणखी काही आठवत असेल तर जरूर कळवा; तिकडं त्या वेळी मालिका बघितलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

प्रश्न : जुनी नटी जाऊन त्याच भूमिकेत नवी आली की मालिका पडते का?
(एक वाचक, साखर पेठ)

उत्तर : आठ दिवस शिव्या, पंधरा दिवस कुरकुर, महिन्यानं सवय. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये मिहीरचे तीन चेहरे झाले, तुलसीही मध्यंतरी बदलली, तरी ती आठ वर्षं चालली. वरची आयरिसच घ्या. १९८८ मध्ये ती ‘अनदर वर्ल्ड’मध्ये परत आली, पण कार्मेन डंकन या दुसऱ्याच नटीच्या रूपात. लोकांनी चालवून घेतलं, कारण रेचल समोर होती.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. एका गाजलेल्या मराठी मालिकेतल्या कामवाल्या मावशींवर स्वतंत्र मालिका लिहितोय. त्यात पुढं भुताटकी आणावी का?
(एक विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : बाळा, भूत थांबव. ‘जनरल हॉस्पिटल’मधूनच १९९७ मध्ये ‘पोर्ट चार्ल्स’ निघाली. शिकाऊ डॉक्टरांची साधी अर्ध्या तासाची गोष्ट. चालेना म्हणून तेरा-तेरा आठवड्यांच्या तुकड्यांत कापली, त्यात रक्त पिणारे पिशाच आणले. काही लोक त्या पिशाचावर खूश होते, अजूनही असतात. पण डॉक्टरांसाठी आलेल्या बाईनं काय करायचं? २००३ मध्ये बंद झाली.

तुझ्या मावशींना मी ओळखतो, अशा प्रत्येक घरी असतात. पण त्या त्यांच्या मालकिणीशी ज्या सुरात बोलतात त्यातच त्यांची गंमत आहे. मालकीण सोडून त्यांना नेणार असशील तर आधी मला सांग, त्यांच्या चाळीत त्यांच्याशी कोण वाकडं आहे. नळावर? सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, तिथं भांडणाला तोटा नाही. पहिला भाग लिहून झाला की घरात कुकर लावायला सांग आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून मोठ्यानं वाच. कागद आईला दाखवू नकोस. दुसऱ्या शिट्टीला ती गॅस बारीक करून “मग?” म्हणाली, तर मला पाठव.