लिंबूवर्गीयांत कोणतं वाण लावलं तर मावा कमी येईल?

तुम्ही नागपुरी संत्रा, मोसंबी आणि कागदी लिंबू अशी तीन नावं दिलीत, आणि एका नर्सरीवाल्याने "आमच्या कलमांवर मावा येतच नाही" असं सांगितल्याचंही लिहिलंत. या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून एवढं लांब लिहितोय. मावा, म्हणजे कोवळ्या पानांचा रस शोषणारी बारीक कीड, या तिघांवरही येतो. वाणाने फरक पडतो, पण नर्सरीवाले सांगतात तसा नाही.

माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते. धरा, एका वाणावर आठवड्याला संख्या पाचपट होते, दुसऱ्यावर चौपट. एका मादीपासून चार आठवड्यांत पहिल्यावर 625, दुसऱ्यावर 256. म्हणजे दुसरं वाण जिंकलं? थांबा. मावा फक्त कोवळ्या नवतीवर, म्हणजे नव्या फुटीवर, वाढतो. पहिल्याची नवती तीन आठवड्यांत कडक झाली तर गाडी 125 वर अडते. दुसऱ्याची पाच आठवडे कोवळी राहिली तर 1024. "प्रतिकारक" वाणावरच जास्त मावा झाला!

म्हणून वाणाची चव नंतर, आधी त्याची फूट बघा. संत्र्याला ताण देऊन पाणी सोडलं की नवती एकदम निघते आणि एकदम जून होते. पंखांचा मावा मग दुसरीकडे उडतो. कागदी लिंबाला वर्षभर थोडी थोडी पालवी असते, त्यामुळे तिथे तो कधी उपाशी राहत नाही. संत्र्याच्या धुऱ्यावर लिंबाची रांग लावणं म्हणजे माव्याला घरजावई करून ठेवणं. खुंटही बघा, म्हणजे कलम ज्या झाडावर बांधलंय तो खालचा भाग; तो बहुधा जंबेरी किंवा रंगपूर या आंबट लिंबांचा असतो. कलमाच्या सांध्याखालून आलेले जंबेरीचे पाणसोट कोवळे असतानाच हाताने ओढून काढा. वर औषध मारायचं आणि खाली हे वाढू द्यायचे, याला काही अर्थ नाही. युरियाचा सगळा हप्ता एकदम टाकला तर कुठलंही वाण लुसलुशीत होतं, हे वेगळं सांगायला नको.

खरंच तुलना करायची असेल तर अशी करा. एकाच खुंटावरची, एकाच वयाची झाडं घ्या. प्रत्येक वाणाचे दहा सारख्या लांबीचे कोवळे शेंडे निवडा. प्रत्येकावर पाच बिनपंखी मोठ्या माद्या ओल्या बारीक ब्रशने सोडा. मादी उचलताना आधी ब्रशने पाठीला हलकं टेकवून थांबा. तिची सोंड पानात रुतलेली असते, ती काढून घेऊन चालायला लागली की मगच उचला. ओढली तर सोंड तुटते, मादी मरते आणि दोष वाणाला जातो. फुगलेली, तपकिरी, कागदासारखी दिसणारी घेऊ नका, तिच्या आत परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू असतं. शेंड्यावर मलमलची पिशवी बांधा, कापड पानाला टेकू देऊ नका. दुसऱ्या दिवशी माद्या काढा आणि पिल्लं मोजून ठेवा. सातव्या आणि दहाव्या दिवशी पुन्हा मोजा. पिल्लं जगलीच नाहीत किंवा उशिरा वाढली, तर वाणात काहीतरी आहे. सगळी वाढली पण उघड्या फांदीवर मावा दिसत नाही, तर श्रेय ढालकिड्यांचं आहे, नर्सरीवाल्याचं नाही.

आता राहिलेलं. पानं काळी पडली की मावाच असं नाही, विदर्भात कोळशी (पानांवरची काळी बुरशी) बहुतेकदा काळ्या माशी या दुसऱ्या रसशोषक किडीमुळे येते. आणि ट्रिस्टेझाची (माव्यामार्फत पसरणाऱ्या लिंबूवर्गीयांच्या विषाणूरोगाची) भीती असेल तर मावा कमी येणारं वाण पुरेसं नाही. विषाणू घेऊन आलेला काळा मावा थोडा वेळ रस शोषून उडून गेला तरी तो विषाणू सोडून जाऊ शकतो.

वाणातच खरी ताकद असते हेही मान्य करतो, पण ते उदाहरण सफरचंदाचं आहे. नॉर्दर्न स्पाय या जातीवर लोकरी मावा वाढत नाही, म्हणून तिच्यापासून एमएम 106 आणि एमएम 111 हे खुंट तयार केले गेले. तिथेही खुंट वाचतो, वरच्या फांद्यांवर मावा येऊ शकतो. लिंबूवर्गीयांत नर्सरीवाल्याला माव्याबद्दल विचारूच नका. खुंट जंबेरी की रंगपूर, आणि डोळे घेतलेल्या मातृवृक्षाची ट्रिस्टेझा चाचणी झालीय का, एवढं विचारा. कागद दाखवत नसेल तर दुसरी नर्सरी बघा.