बायपास केली की किडनी जाते का ओ मॅडम?

"क्रिएटिनिन वाढलंय आणि बायपास सांगितलीय, म्हणजे आता डायलिसिस लागणारच ना?" सोलापुरात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या हार्टच्या पेशंटांपैकी हे न विचारणारा विरळाच, अक्कलकोट-मंगळवेढ्याहून येणारेही हेच विचारतात. (क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनी नीट गाळत नसली की तो वाढतो.) म्हणून एका काकांचं सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून.

काका ६४ वर्षांचे, अख्खी हयात पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर गेलेली. तीन नसा ब्लॉक, शुगर जुनी, क्रिएटिनिन १.८. ऑपरेशनची तारीख दोनदा मोडली म्हणून मुलगा घेऊन आला. "सांगून सांगून थकलो मॅडम, ऐकतच नाहीत."

पहिल्या दोन भेटींत काका नुसती रिपोर्टची घडी उलगडायचे, परत घालायचे. मी समजूत घालायला गेले नाही. माझं पक्कं मत आहे की भीतीला माहिती देऊन गप्प करायची घाई करू नये, आधी ती कुठून आली ते विचारावं.

तिसऱ्या वेळी मुलाला बाहेर बसवलं आणि विचारलं, "काका, किडनी गेलेलं जवळचं माणूस कोण बघितलंय तुम्ही?"

बराच वेळ काहीच नाही. घडी तशीच हातात. मग म्हणाले, "थोरला भाऊ. आठवड्याला तीनदा, चार-चार तास. मीच न्यायचो ओ गाडीवर, पडू नये म्हणून टॉवेलनं माझ्या पाठीला बांधून. येताना माझ्या खांद्यावर मान टाकायचा. दोन वर्षं." आणि थांबून, "आता माझ्या पोरानं मला असं बांधून न्यायचं का?"

प्रश्न किडनीचा नव्हताच. डॉक्टर आकडे सांगत होते, मुलगा हट्ट करत होता, आणि काका पोराला त्या गाडीवर बसण्यापासून वाचवत होते. इतक्या वर्षांच्या कामात मला अशी जागा सापडली की कळतं, आता पुढचं सोपं. मुलाला आत बोलावलं, काकांनी हेच त्याच्यासमोर सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही कर्जाला भिताय पप्पा."

मग आम्ही वही काढली आणि डॉक्टरांना विचारायचं ते लिहिलं. तुमच्याही घरात ही वेळ असेल तर हे बघा. नुसतं क्रिएटिनिन बघू नका, ईजीएफआर विचारा, वय धरून किडनी किती काम करते ते त्यात कळतं. काकांचा ४१ च्या आसपास होता, म्हणजे किडनी कमजोर पण बंद नाही, ३० च्या खाली जोखीम बरीच वाढते. भावाची किडनी वर्षानुवर्षं झिजत गेलेली, ऑपरेशननंतर येतो तो अचानक बसलेला ताण. बीपी खाली जाणं, हार्ट-लंग मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं), रक्त कमी असणं अशी त्याची कारणं, आणि बहुतेकांचं क्रिएटिनिन दोन-तीन दिवस चढून परत उतरतं. थोड्या लोकांना डायलिसिस लागतं, त्यातही काहींना तात्पुरतंच, पण जोखीम खरी आहे, ती लपवू नये. उलट बाजूही आहे, हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा किडनीला जातो, त्यामुळे हृदय थकलं तर किडनीही उपाशीच.

अँजिओग्राफीत नसा दिसाव्यात म्हणून टोचतात त्या डायचाही किडनीवर ताण येऊ शकतो, इमर्जन्सी नसेल तर ती आणि ऑपरेशन यांच्या मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे का ते विचारा. काका कंबरेसाठी मेडिकलमधून वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या आणून खायचे, घरात कुणाला माहीत नव्हतं! असल्या गोळ्या, भस्म, काढे, सगळं डॉक्टरांना सांगा. शुगर-बीपीच्या कोणत्या गोळ्या कधी थांबवायच्या ते तेच ठरवतील, मनानं काही बंद करू नका. आणि किडनी धुवून निघेल म्हणून तांब्यावर तांबे पाणीही ढोसू नका, कमजोर हृदयाला ते झेपत नाही.

काकांनी तारीख तिसऱ्यांदा घेतली आणि पाळली. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन, क्रिएटिनिन २.४ झालंय. माझ्याच पोटात गोळा आला. तो म्हणाला, "पप्पाच म्हणाले, वहीत लिहिलंय बघ, चढतं आणि उतरतं, मॅडमना उगीच फोन लावू नको."

घरी सोडलं तेव्हा १.९ होतं.